मीटरवर ९०० मिलिअँपिअरच दिसत होते, तरी लेझर डायोड उडाला. ड्रायव्हरचा करंट सुरक्षितपणे सेट कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मी नीट समजलोय का ते कळेल. तुम्ही खोदकामाचं छोटं मशीन बनवताय. डायोड ४५० नॅनोमीटरचा निळा, १.६ वॉटचा, तांब्याच्या नळीत बसवलेला. १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि त्यापुढे बक ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टेज उतरवून ठरलेला करंट देणारा बोर्ड, त्यावर करंट कमीजास्त करायचा छोटा स्क्रू, म्हणजे प्रीसेट. मल्टीमीटर दहा अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये घातला आणि डायोड चालू ठेवूनच प्रीसेट हळूहळू फिरवत गेलात. ९०० ला पोचलात, तेवढ्यात क्रोकोडाइल क्लिप सुटली. ती परत लावली, तर नुसता मंद निळा उजेड. आता तुमचा प्रश्न असा, की १.२ अँपिअरचा डायोड ९०० ला मेला कसा?

९०० ला नाही मेला. क्लिप परत लावलीत तेव्हा मेला, आणि तेव्हा त्याच्यातून काही अँपिअर गेले असणार. तुमच्या मीटरला ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण साधा मल्टीमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो.

स्थिर करंटचा ड्रायव्हर काय करतो ते बघा. ठरलेला करंट वाहत नसेल, तर तो व्होल्टेज वाढवतो. क्लिप सुटली की करंट शून्य. ड्रायव्हरला वाटतं, अजून जोर लावायला हवा. तो आउटपुट थेट वरच्या टोकाला नेऊन ठेवतो, म्हणजे तुमच्याकडे जवळजवळ १२ व्होल्ट. आउटपुटवरचा कपॅसिटरही १२ व्होल्टला भरून बसतो. विहिरीवरची मोटर चालू असताना पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि मग एकदम सोडा, तसं. तुमच्या डायोडला लागतात साधारण साडेचार व्होल्ट. समोर आहेत १२, आणि मध्ये अडवायला वायर, क्लिप आणि डायोडचा स्वतःचा मिळून ओहमभर रेझिस्टन्स. उरलेले साडेसात व्होल्ट त्या ओहमभरावर पडतात. किती अँपिअर झाले ते तुम्हीच मोजा. ड्रायव्हरचं करंट कंट्रोल इथे काहीच करू शकत नाही, कारण हा करंट ड्रायव्हरमधून येतच नाही, आधीच भरलेल्या कपॅसिटरमधून येतो.

साधा एलईडी असता तर त्याने हा झटका बहुतेक सोसला असता. लेझर डायोडचं दुखणं वेगळं आहे. त्याचा सगळा उजेड केसाच्या जाडीपेक्षाही बारीक फटीतून बाहेर पडतो, आणि तिथला पृष्ठभाग, म्हणजे डायोडचा चेहरा, आरशासारखा गुळगुळीत असावा लागतो. प्रकाश मर्यादेबाहेर गेला की चेहऱ्याचा पातळ थर तापतो, तापला की जास्त प्रकाश शोषतो, आणि शोषला की आणखी तापतो. या चक्रात तो वितळतो. हे मायक्रोसेकंदाच्या आतही होऊ शकतं, त्यामुळे फ्यूज वगैरेचा उपयोग नाही. आरसा गेला की लेझर गेला, पण मागची जंक्शन, म्हणजे जिथे उजेड तयार होतो तो भाग, शाबूत राहते. म्हणून करंट पूर्वीइतकाच वाहतो, व्होल्टेज तेवढंच दिसतं आणि उजेड मात्र टॉर्चसारखा पसरट. आमच्याकडे याला ‘लेझरचा एलईडी झाला’ म्हणतात. तुमचा झालाय.

मी पुण्यात एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये उपकरणं दुरुस्त करायचं काम बरीच वर्षं केलं. तिथे उडालेल्या डायोडपैकी करंट चुकीचा सेट झाल्याने उडालेले फार कमी. बाकीचे जोडताना-काढताना गेले. म्हणून आम्ही करंट कधी डायोडवर सेट केला नाही. डमी लोडवर, म्हणजे लेझरच्या जागी लावलेल्या स्वस्त नकली डायोडवर केला, आणि खरा डायोड सगळ्यात शेवटी जोडला.

डमी लोड घरी बनतो. १एन५४०८ नावाचे तीन अँपिअरचे साधे रेक्टिफायर डायोड चार घ्या, एकामागे एक सिरीजमध्ये जोडा आणि त्यांच्यापुढे १ ओहमचा सिमेंटचा रेझिस्टर लावा, पाच किंवा दहा वॉटचा. तापकीर गल्लीत नाहीतर लॅमिंग्टन रोडला शंभराच्या नोटेत सगळं येतं. १एन४००७ घेऊ नका. ते एक अँपिअरचे असतात, तुमच्या कामाला अपुरे. एक अँपिअरला चार डायोडवर साडेतीन व्होल्टच्या आसपास आणि रेझिस्टरवर एक व्होल्ट, म्हणजे ड्रायव्हरला समोर तुमचा निळा लेझरच असल्यासारखं वाटतं. डायोड तापले की त्यांचं व्होल्टेज थोडं उतरतं, त्याची काळजी नको.

आता मीटर सिरीजमध्ये नाही, व्होल्टच्या रेंजवर रेझिस्टरच्या दोन पायांवर लावायचा. १ ओहम असल्यामुळे जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. प्रोब सुटली तरी सर्किट तुटत नाही, हा मोठा फायदा. प्रोब मात्र रेझिस्टरच्या पायांवरच टेकवा, क्लिपच्या दातांवर नको. क्लिपचा संपर्क कधीकधी पाव ओहम घेतो आणि तुमचा आकडा तेवढा चुकतो. रेझिस्टर पाच टक्क्यांचा असेल तर वाचनही पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, हेही धरून चाला.

ड्रायव्हरला आधी डमी जोडा, मग अडॅप्टर. प्रीसेट कोणत्या बाजूला फिरवला की करंट कमी होतो ते इथेच शोधा. बऱ्याच बोर्डांवर ते घड्याळाच्या उलट असतं, पण ‘बऱ्याच’वर विसंबून दीड-दोन हजारांचा डायोड लावू नये. करंट अगदी खाली नेऊन ठेवा, मग हव्या त्या आकड्यापर्यंत न्या आणि दहा मिनिटं तसंच चालू द्या. ड्रायव्हर तापल्यावर आकडा वर सरकतो का बघा. अडॅप्टर पाच-सहा वेळा बंद-चालू करा. लाइट जाते-येते तेव्हाही हेच घडणार आहे. चालू करतानाची एका क्षणाची करंटची उसळी मीटरवर दिसत नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोप, म्हणजे क्षणाक्षणाचं व्होल्टेज पडद्यावर रेषेत दाखवणारं यंत्र लागतं. कॉलेजच्या लॅबमध्ये मिळत असेल तर रेझिस्टरवर लावून बघाच.

तुमच्या बोर्डावर टीटीएल लिहिलेली पिन असेल, म्हणजे मशीनचा कंट्रोलर जिच्यावरून लेझर चालू-बंद करतो ती, तर तिची परीक्षाही डमीवर. ती पिन मोकळी सोडली तर लेझर बंद राहतो की पूर्ण चालू होतो? स्वस्त बोर्डांपैकी काहींत पूर्ण चालू होतो. मशीनचा कंट्रोलर सुरू होताना सेकंदभर त्याच्या पिना हवेतच असतात, आणि तेवढ्या वेळात लेझर कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. असा बोर्ड असेल तर त्या पिनवरून ग्राउंडला रेझिस्टर टाका, १० किलोओहमपासून सुरुवात करा आणि कंट्रोलर काढून ठेवल्यावर डमीतला करंट खरंच शून्य होतोय ना ते तपासा. नसेल होत, तर रेझिस्टर कमी किमतीचा घ्या.

एक गोष्ट मला महागात पडलेली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये लेझरचा मायनस आणि अडॅप्टरचा मायनस एकच नसतात. दोघांच्या मध्ये करंट मोजणारा छोटा रेझिस्टर असतो आणि ड्रायव्हर त्याच्याकडे बघूनच करंट आवरतो. मी एकदा स्कोपची एक प्रोब इनपुटला लावली, तिची ग्राउंड क्लिप अडॅप्टरच्या मायनसला. दुसरी प्रोब लेझरला, तिची क्लिप लेझरच्या मायनसला. स्कोपच्या आत दोन्ही ग्राउंड एकच असतात, हे मला पाठ होतं. तरीही केलं. मोजणारा रेझिस्टर शॉर्ट झाला, ड्रायव्हरला वाटलं करंट शून्य आहे, आणि त्याने सगळा जोर लावला. साहेबांनी महिनाभर वाट बघून मागवलेला डायोड होता तो.

तुमच्या मशीनमध्ये हीच चूक स्कोपशिवायही होऊ शकते. काही डायोडचं धातूचं अंग आतून एका पायाला जोडलेलं असतं, म्हणजे तांब्याची नळीसुद्धा त्याच पायाला जोडली गेली. नळी अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकमध्ये, हीटसिंक मशीनच्या फ्रेमवर, आणि फ्रेम कुठेतरी अडॅप्टरच्या मायनसला टेकलेली. झालं. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून अडॅप्टरचा मायनस आणि फ्रेम, फ्रेम आणि ड्रायव्हरचे दोन्ही लेझर टर्मिनल असं सगळं डायोड जोडण्याआधी तपासा, कुठेही बीप यायला नको. डायोडला स्वतःला मात्र मीटरची बीप लावत बसू नका. त्याचा कोणता पाय अंगाला जोडलाय ते डेटाशीटवरून बघा.

आता जोडणी. अडॅप्टर भिंतीवरून काढा. डमी काढून ड्रायव्हरच्या आउटपुटवर १०० ओहमचा रेझिस्टर काही सेकंद धरा, कारण डमीतले डायोड शेवटचे दीड-दोन व्होल्ट कपॅसिटरमध्ये तसेच ठेवतात. मीटरवर व्होल्टेज शून्याला आलेलं स्वतः बघा. डायोडचे दोन पाय बारीक तारेने एकमेकांना बांधून ठेवा, वायर सोल्डर करा, आणि तार सगळं झाल्यावर काढा. सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्थ केलेलं हवं, मनगटाला अर्थचा पट्टा हवा. नायलॉनचा शर्ट घालून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे काम करू नका. कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज तुम्हाला न जाणवताही डायोड मारते. क्रोकोडाइल क्लिप, ब्रेडबोर्ड, ढिले कनेक्टर यांना लेझरच्या वाटेवर जागा नाही. लेझर आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये स्विचही नको. स्विच नेहमी अडॅप्टरच्या बाजूला.

पहिल्यांदा चालू करताना प्रीसेट परत खाली नेलेला असू द्या. ही खाली न्यायची पायरीसुद्धा डमीवरच, ओघाने आलं. २०० मिलिअँपिअरच्या आसपास या जातीच्या डायोडचा थ्रेशोल्ड असतो. त्याखाली तो नुसता एलईडीसारखा मिणमिणतो, आणि ओलांडला की ठिपका एकदम धारदार होतो. १५० आणि ३०० अशा दोन टप्प्यांवर त्याला बघून घ्या. प्रत्येक वेळी बंद करा, डमी लावा, आकडा बदला, आउटपुट रिकामं करा, परत जोडा. कंटाळवाणं आहे, मान्य.

शेवटी किती ठेवायचा? माझं मत विचाराल तर ९०० च्या पुढे जाऊ नका. थ्रेशोल्डनंतर उजेड करंटच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो, त्यामुळे १.२ अँपिअरला १.६ वॉट मिळत असतील तर ९०० ला १.१ च्या आसपास मिळतील. लाकूड आणि चामडं जाळायला तेवढे पुरतात, वेग थोडा कमी ठेवायचा. १.२ अँपिअरला जवळजवळ चार वॉट उष्णता तांब्याच्या त्या चिमुकल्या नळीतून काढावी लागते, ९०० ला तीनच्या आत. पंखा तरीही हवाच. आणखी एक सवय टाळा: तासभर चालवून डायोड गरम झाल्यावर ‘जरा कमी जळतंय’ म्हणून करंट वाढवायची. गरम झाल्यावर थ्रेशोल्ड वर सरकतो आणि उजेड उतरतो, हे स्वाभाविक आहे. वाढवलेला करंट दुसऱ्या दिवशी सकाळी थंड डायोडला मिळतो, आणि तेव्हा उजेड तुम्ही ठरवलेल्यापेक्षा जास्त असतो. लाल डायोडला हे जास्त बाधतं.

लाल पाच मिलिवॉटवाल्या छोट्या डायोडसाठी कुणी विचारत असेल, तर एलएम ३१७ नावाचा छोटा रेग्युलेटर पुरतो. १.२५ भागिले रेझिस्टर म्हणजे करंट. ३९ ओहमला ३२ मिलिअँपिअर. पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, लावायचा असेल तर त्याच्याबरोबर सिरीजमध्ये एक पक्का रेझिस्टर टाकाच, नाहीतर पॉट शून्यावर गेला की ३१७ जमेल तेवढा, म्हणजे दीड अँपिअरपर्यंत सोडायला मोकळा.

डोळ्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मीच विचारतो: गॉगल होता का? ५०० मिलिवॉटच्या वरचा लेझर चौथ्या, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गात मोडतो. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो आणि इथे तेवढा वेळ मिळत नाही. चमकदार पत्र्यावरून, पक्कडीवरून उडालेला किरणही डोळ्यातला पडदा जाळतो. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझर झोतांनी डोळे गेल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. गॉगलवर ४५० नॅनोमीटर ज्यात येतात असा पट्टा आणि ‘ओडी ४’ किंवा त्याहून जास्त छापलेलं असलं पाहिजे. ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत. उन्हाळ्यातला काळा चष्मा चालत नाही, आणि वेल्डिंगच्या काचेवरही भिस्त ठेवू नका. खोलीत दुसरं कुणी असेल तर त्यालाही गॉगल, आणि घरात लहान मूल असेल तर दाराला आतून कडी. डमीवर काम करताना खोलीत लेझरचा एकही किरण नसतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

आणि तो उडालेला डायोड फेकू नका. त्याची जंक्शन जिवंत आहे, व्होल्टेजही जवळपास खऱ्या लेझरचंच आहे. नवा डायोड पाकिटातून काढण्याआधी वर सांगितलेली सगळी जोडणी, सोल्डरिंगसकट, एकदा त्याच्यावर करून बघा.