ईसार दिला, घोडी काही येईना

तुमची अडचण वाचली. आधी हकीकत थोडक्यात मांडतो, माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगा. सारंगखेड्याच्या यात्रेत राजस्थानातल्या एका घोडेवाल्याशी ओळख झाली. पुढे व्हिडिओ पाहून फोनवरच चार दाती (दातांवरून साधारण चार वर्षांची), कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) मारवाडी घोडी ३ लाख ४० हजारांना ठरली आणि १ लाख ८० हजार ईसार (आगाऊ रक्कम) म्हणून तुम्ही त्याच्या खात्यावर पाठवले. होळीपर्यंत घोडी सांगलीत पोचायची होती. पावसाळा तोंडावर आला तरी ती तिकडेच आहे. आधी तिला पोटशूळ झाला, मग गाडी मिळेना, आणि आता तो म्हणतो की इतके महिने सांभाळली, चंदीचे (तिच्या खुराकाचे) पैसे आधी पाठवा.

सरळ पोलिसात जा असं तुम्हाला चारजण सांगतील. मी ती पायरी खाली ठेवतो. का, ते पुढे येईलच.

या धंद्यातला एक हिशेब आधी समजून घ्या. कार्तिकी पौर्णिमेला पुष्कर, दत्तजयंतीला सारंगखेडा, त्यापाठोपाठ लोह्याजवळ माळेगावची खंडोबाची यात्रा, जानेवारीत पंजाबात मुक्तसरचा माघी मेळा, आणि होळी झाली की बालोत्र्याजवळ लुणी नदीच्या पात्रात तिलवाड्याचा मल्लिनाथ मेळा. ज्याच्याकडे चांगली घोडी आहे तो तिला या घोडेबाजारांच्या चक्रात फिरवतो. तुमचा ईसार हाती पडला की तो निर्धास्त होतो. वाटेत कुणी पाच लाख मोजले तर घोडी त्याची, नाही मोजले तर तुम्ही आहातच. पैसे बुडवायचेच असं त्याच्या मनात असेल असं नाही. तुमचे पैसे बिनव्याजी वापरायचे आणि वरच्या भावाची वाट बघायची, एवढाच बेत असू शकतो. तुमची मुदत होळीची आणि तिलवाडा होळीनंतर लगेच, नेमकी त्याच सुमाराला घोडी आजारी पडावी, हे मला खटकतं. तिलवाड्याचे या वर्षीचे व्हिडिओ इंटरनेटवर सापडतील, ते जरा निवांत बसून बघा. तुमची घोडी तिथे नाचताना दिसली तर पोटशूळ किती खरा ते कळेल.

आता पहिलं काम. घोडी आहे का, आणि कुठे उभी आहे, याची खात्री करा. जुना व्हिडिओ नको, व्हिडिओ कॉलच लावायला सांगा. कपाळावरचा टिळा, कुठल्या पायाला किती पांढरं, दात आणि भोवऱ्या (अंगावरचे केसांचे भोवरे) हे सगळं जवळून दाखवायला लावा. अंगाचा रंग ऋतूप्रमाणे उजळतो-गडदतो, पण भोवऱ्यांची जागा जन्मभर तीच राहते. देवमण (गळ्यावरची शुभ मानलेली भोवरी) आहे की नाही यासाठी आपण भोवऱ्या बघतोच, इथे त्याच ओळख पटवायला कामाला येतील. नोंदणी झालेली घोडी असेल तर अंगात मायक्रोचिप असते, तिचा १५ आकडी क्रमांक आणि नोंदणीचा कागद मागा. त्याच्या तालुक्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करून, लागेल ती फी देऊन, घोडी तपासून लेखी द्यायला कुणी तयार आहे का ते विचारा. सौदा मोडतोय असं वाटायच्या आतच हे करायचं असतं.

त्याच्या सगळ्याच सबबी खोट्या असतील असं धरून चालू नका. पोटशूळ हा घोड्याचा जीवघेणा आजार आहे. गाभण घोडी अकरा महिने घेते आणि शेवटच्या दिवसांत तिला हजार किलोमीटर गाडीत उभी करणं हा शहाणपणा नव्हे. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा रुग्ण सापडला की त्या भागातून घोडे हलवायला बंदी येते, रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात आणि अहवालाची वाट बघावी लागते. पण यातल्या प्रत्येक गोष्टीचा कागद निघतो. आजाराची चिठ्ठी डॉक्टर देतो, बंदीचा आदेश जिल्हा प्रशासन काढतं. प्रवासाला जनावर योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला तर तसाही लागतोच. कागद आला तर थांबा. कागद न येता नुसतं भाईसाब, बस दो दिन ऐकू येत असेल, तर पुढचं वाचा.

आता कायदा. जनावर हे कायद्याच्या भाषेत माल, म्हणून १९३० चा माल विक्री कायदा घोडीलाही लागू होतो. त्यात एक गोष्ट आहे जी घेणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. ताबा कुठे द्यायचा हे ठरलेलं नसेल, तर सौद्याच्या वेळी माल जिथे होता तीच जागा ताबा देण्याची (कलम ३६). म्हणजे घोडी घरपोच देतो असं त्याने कबूल केलं नसेल तर गाडी घेऊन तुम्हीच जायचं आहे, आणि न्यायाधीशासमोर तो म्हणेल की साहेब, घोडी दारात उभी होती, हे न्यायलाच आले नाहीत. शिवाय कलम ३५ प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर घेणाऱ्याने ताबा मागेपर्यंत विकणाऱ्यावर देण्याची सक्ती नाही. म्हणून तुमचे जुने मेसेज पुन्हा वाचा. सांगली तक पहुंचा दूंगा असं त्याने कुठे लिहिलंय का? गाडीभाडं कुणाचं ते बोलला का? आवाजी मेसेजमध्ये असलं तरी चालेल. ते सापडलं तर तुमची बाजू भक्कम आहे, कारण पाठवायची जबाबदारी त्याची असेल आणि तारीख ठरलेली नसली तरी वाजवी वेळेत पाठवणं त्याला बंधनकारक आहे. तुमच्याकडे तर होळी ही मुदतही आहे.

तिसरी गोष्ट उरलेल्या पैशांची. ताबा आणि पैसे एकाच वेळी द्यायचे असा कायद्याचा साधा नियम आहे (कलम ३२). म्हणजे १ लाख ६० हजार देण्याची तुमची तयारी असली पाहिजे आणि ती दिसली पाहिजे. रक्कम खात्यात वेगळी ठेवा आणि नोटिशीत तसं स्पष्ट लिहा. पैसे आधीच पाठवून मोकळे मात्र होऊ नका. उरलेली रक्कम हीच तुमच्या हातातली दोरी आहे.

चंदीच्या पैशांचं उत्तर याच कायद्यात आहे. त्याने घोडी न्या म्हटलं आणि तुम्ही वाजवी वेळेत नेली नाही, तर सांभाळण्याचा वाजवी खर्च तो मागू शकतो (कलम ४४). उशीर त्याचा असेल तर तुमच्याकडे एक रुपयाही मागण्याचा त्याला हक्क नाही. उलट, ज्याच्या चुकीने ताबा लांबला त्याच्या माथी ती जोखीम (कलम २६). होळीनंतर घोडीला काही झालं आणि ते वेळेवर पाठवली असती तर टळलं असतं, तर तो तोटा त्याचा. हे त्याला लेखी कळवा. फोनवर वाद घालण्यात अर्थ नाही, आणि हे पैसे पाठवूही नका. एकदा पाठवलेत की पुढच्या महिन्याचं बिल आलंच.

आता खरा निर्णय. तुम्हाला घोडी हवी की पैसे? तुमच्या लिहिण्यात दोन्ही आहे. एका वाक्यात ती कुठल्याही परिस्थितीत हवी, पुढच्यात पैसे परत दे. विक्रेत्यालाही तुम्ही हेच बोलत असाल तर तो तुम्हाला खेळवत राहणार. घोडी मागितलीत की पैसे देतो म्हणेल, पैसे मागितलेत की घोडी निघाली म्हणेल.

घोडी हवी असेल तर घाई करा. ठरलेली, ओळख पटलेली विशिष्ट वस्तू प्रत्यक्ष द्यायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे (कलम ५८), आणि निकाल लागेपर्यंत ती दुसऱ्याला विकू नये म्हणून मनाई हुकूम मागता येतो. पण तो मिळायच्या आत त्याने घोडी तुमच्या सौद्याची काहीच कल्पना नसलेल्या माणसाला विकून ताबा दिला, तर तो नवा मालक सहसा सुरक्षित राहतो (कलम ३०), मग तुमच्या हाती उरते फक्त भरपाई. म्हणून घोडी तुम्हाला विकली गेलेली आहे, विषय वादात आहे, हे त्या भागातल्या घोडेवाल्यांच्या आणि दलालांच्या कानावर शांतपणे घाला. माहीत असूनही ज्याने घेतली त्याला मग साळसूदपणा सांगता येत नाही. आरडाओरडा न करता एवढं जरूर करा.

पैसे हवे असतील तर नोटिशीत सौदा रद्द केल्याचं स्पष्ट लिहा आणि १ लाख ८० हजार व्याजासह मागा. जत्रेत म्हणतात की विकणारा फिरला तर ईसाराच्या दुप्पट देतो. ते लिहून ठेवलेलं नसेल तर कायद्याने दुप्पट आपोआप मिळत नाही. मात्र ताबा द्यायच्या वेळी तशाच घोडीचा बाजारभाव ३ लाख ४० हजारांच्या वर असेल, तर वरचा फरक नुकसानभरपाई म्हणून मागता येतो (कलम ५७). भाव सिद्ध करायला त्या हंगामातल्या सौद्यांच्या पावत्या लागतात, त्या मिळतील तिथून जमवा. आणखी एक वाट २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) आली आहे. निदान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यायची, आणि तरी त्याने करार पाळला नाही तर तशीच घोडी दुसरीकडून घेऊन जादा खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. पण हे केलंत की मूळ घोडीचा आग्रह सोडावा लागतो. तुमच्या प्रकरणात हे बसतं का ते वकिलाला विचारूनच करा.

दावा कुठे? राजस्थानच्या फेऱ्या मारायच्या कल्पनेनेच माणसं सौदा सोडून देतात. तशी गरज नाही. तो नियमित घोडे विकणारा असेल आणि तुम्ही घोडी स्वारीसाठी किंवा हौसेसाठी घेतली असेल, तर तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागायची सोय दिली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. वरातीत घोडी फिरवून स्वतःचं पोट भरणाराही ग्राहक धरला जातो. पुन्हा विकायला घेतली असेल तर मात्र हे दार बंद, मग दिवाणी न्यायालय आणि तीन वर्षांची मुदत. त्याने आयुष्यात एखादीच घोडी विकली असेल तर तो व्यापारीच नाही असा मुद्दा काढेल, तेव्हा त्याच्या जुन्या विक्रीच्या जाहिराती आजच साठवून ठेवा.

आता पोलीस. नुसता करार मोडला म्हणजे फसवणूक होत नाही. सुरुवातीपासूनच द्यायची नियत नव्हती हे दाखवावं लागतं, म्हणून ठाण्यात हा दिवाणी मामला आहे असं ऐकवतात आणि बऱ्याचदा ते बरोबर असतं. पण घोडी मुळात त्याची नव्हतीच, व्हिडिओ दुसऱ्याचा होता, किंवा तीच घोडी दाखवून तिघांकडून ईसार घेतला असं दिसलं, तर चित्र पालटतं. मग भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. गुन्हा कुठेही घडलेला असो, तुमच्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, आणि त्यानेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी. ऑनलाइन फसवणुकीसाठीचा १९३० हा फोन क्रमांक पैसे गेल्यापासून काही तासांत लावला तर खात्यातली रक्कम गोठवता येते. तुमच्या बाबतीत महिने गेलेत, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. (कायद्याचं साल आणि मदतीचा क्रमांक एकच, हा निव्वळ योगायोग.)

चॅट पुसू नका, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला वेगळं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाती असला की ते सोपं जातं. नोटीस स्पीड पोस्टने पोचपावतीसह, तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. हिंदीतून लिहा, म्हणजे समजलं नाही म्हणायला जागा राहत नाही. वरची ३० दिवसांच्या नोटिशीची वाट धरायची नसेल तर पंधरा दिवसांची मुदत पुरे.

प्रत्यक्ष जाणार असाल तर दोघं-तिघं जा, सोबत तिथला एखादा प्रतिष्ठित घोडेवाला घ्या. आपलीच घोडी आहे म्हणून पागेतून सोडून आणायचा विचार करू नका, गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. त्याचा फोटो टाकून चोर चोर म्हणून ओरडायचा मोहही आवरा. बदनामीचा खटला लागला की तोच फिर्यादी होतो.

बहुतेक वेळा नोटीस गेली की समोरून दोनपैकी एक प्रस्ताव येतो. पैसे परत देतो पण हप्त्याने असं म्हणाला तर प्रत्येक हप्त्याचा तारीख घातलेला चेक घ्या. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, त्याला पैसे भरायला १५ दिवस मिळतात, आणि त्यानंतर महिन्याभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तक्रार करायची. या तारखा चुकवू नका. दुसरा प्रस्ताव, वो घोडी छोड़ो, उसी दाम में इससे अच्छी देता हूं. हा नवा सौदा समजा. डोळ्यांनी बघितल्याशिवाय, आपला डॉक्टर नेऊन ग्लँडर्सची तपासणी करून घेतल्याशिवाय आणि जुन्या सौद्याचे पैसे त्यात वळते केल्याचं लेखी मिळाल्याशिवाय हो म्हणू नका.

घरपोच देण्याचं तो नेमकं कोणत्या शब्दांत बोललाय ते इथे लिहा. नोटिशीचा मजकूर त्यावरूनच ठरेल.