मेट्रोच्या शंभर रुपयांत केंद्राचे किती?

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५मध्ये आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागली आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत पैशांचे प्रश्न वाढले. त्यांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

कोणी म्हणतं मेट्रो ३ला निम्मे पैसे केंद्राने दिले, कोणी म्हणतं सगळे जपानचे. खरं काय? (गिरगाव)

दोन्ही अर्धवट आहे. ही मार्गिका बांधणाऱ्या मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनमध्ये केंद्र आणि राज्य यांची मालकी निम्मी-निम्मी आहे. पण मालकी निम्मी म्हणजे खर्चही निम्मा, असं नसतं. गल्लत नेमकी इथेच होते.

२०१३ साली केंद्राने मंजूर केलेला मूळ खर्च २३,१३६ कोटी रुपये होता. त्याचे शंभर रुपये धरा. त्यांतले सुमारे ५७ रुपये जपानच्या 'जायका' या संस्थेचं कर्ज (१३,२३५ कोटी). केंद्राचं भागभांडवल (मालक म्हणून कंपनीत घातलेले पैसे) १० रुपये ४० पैसे आणि राज्याचंही तेवढंच (प्रत्येकी सुमारे २,४०२ कोटी). त्याशिवाय केंद्राचं दुय्यम कर्ज साडेचार रुपयांच्या आसपास आणि राज्याचं सात रुपये. उरलेल्या सुमारे साडेदहा रुपयांत एमएमआरडीए या मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाचं अनुदान, विमानतळालगतच्या तीन स्थानकांसाठी विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचे ७७७ कोटी आणि मालमत्ता विकासातून अपेक्षित धरलेले १,००० कोटी. म्हणजे केंद्राचा थेट वाटा शंभरात पंधराला थोडा कमी.

'दुय्यम कर्ज' हा शब्द नीट समजून घ्यावा. प्रकल्पाच्या साहित्यावर केंद्राचे कर लागतात, राज्याचे कर लागतात, जमीन घ्यावी लागते, प्रकल्पबाधितांचं पुनर्वसन करावं लागतं. या खर्चासाठी सरकारं कंपनीला बिनव्याजी पैसे देतात आणि ते परत घेतात सगळ्यात शेवटी, म्हणजे मोठं कर्ज फिटल्यावर. त्यामुळे ते अनुदान नाही. हिशेबात ते देणं म्हणूनच उभं राहतं.

जायकाचं कर्ज भारत सरकारच्या नावावर येतं, म्हणून व्याज कमी आणि मुदत लांब मिळते. केंद्राची खरी मोठी मदत ही आहे, असं आमचं मत आहे. राज्याने बाजारातून एवढी रक्कम उभी केली असती, तर तिकिटाचा दर आज आहे तिथे राहिला नसता.

मंजुरी मिळाली म्हणतात आणि मग वर्षानुवर्षं काहीच हलत नाही. पैसे कुठे अडतात? (डोंबिवली)

'मंजुरी' हा एकच शब्द चार-पाच वेगवेगळ्या टप्प्यांसाठी वापरला जातो, म्हणून असं वाटतं. २०१७च्या मेट्रो धोरणानुसार शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा आधी हवा. मग पर्यायांची तुलना करायची: याच रस्त्यावर बसची स्वतंत्र मार्गिका किंवा हलकी रेल्वे का नको, हे आकड्यांनी दाखवावं लागतं. त्यानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर. त्यात प्रकल्पाचा आर्थिक परतावा किमान १४ टक्के निघाला पाहिजे. हा परतावा तिकिटाच्या गल्ल्यावरून काढत नाहीत. लोकांचा वाचलेला वेळ, वाचलेलं इंधन, कमी झालेले अपघात यांचं मोल त्यात धरतात. पुढे राज्य मंत्रिमंडळ, केंद्राचं गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालय, सार्वजनिक गुंतवणूक मंडळ आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळ. परदेशी कर्ज हवं असेल तर केंद्राच्या आर्थिक व्यवहार विभागामार्फत वेगळी वाट चालावी लागते.

याच धोरणात केंद्राच्या मदतीचे तीन मार्ग आहेत: खासगी भागीदारी असेल तर तफावत निधी (प्रकल्प खासगी कंपनीला परवडावा म्हणून सरकारने भरून दिलेली तूट), खर्चाच्या १० टक्के एकरकमी अनुदान, किंवा राज्याबरोबर समान भागभांडवल. तफावत निधीचं उदाहरण घाटकोपर–वर्सोवा मेट्रोचं. तिच्या मूळ २,३५६ कोटींच्या खर्चात ६५० कोटी हा निधी होता. त्यांतले ४७१ केंद्राचे आणि १७९ राज्याचे.

कागद पुढे सरकला तरी काम अडतं ते बहुतेक वेळा जमिनीवर, आणि जमीन ही राज्याची जबाबदारी. मेट्रो ३ची कारशेड आरेत होणार होती. नोव्हेंबर २०१९मध्ये तिला स्थगिती मिळाली, ऑक्टोबर २०२०मध्ये ती कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तिथलं काम थांबवलं आणि जुलै २०२२मध्ये ती पुन्हा आरेत आली. कारशेड तयार नसेल तर गाड्या उभ्या कुठे करायच्या, त्यांची देखभाल कुठे करायची? बोगदा तयार असूनही मार्गिका सुरू करता येत नाही, आणि तोवर खर्च चढत राहतो.

ऑगस्ट २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुधारित खर्च मान्य केला: ३३,४०५ कोटी ८२ लाख. म्हणजे मूळ आकड्यापेक्षा दहा हजार कोटींहून जास्त. राज्याचं भागभांडवल २,४०२ वरून सुमारे ३,७०० कोटींवर गेलं आणि जायकाचं कर्ज १९,९२४ कोटींवर. वाढीव खर्चाचा मोठा भाग असा कर्जात जातो, हे नीट लक्षात घ्या. कर्ज फेडायचं तिकिटातून, आणि तिकीट पुरलं नाही तर राज्याच्या तिजोरीतून.

दहिसर–अंधेरीच्या मेट्रोला केंद्राने काहीच दिलं नाही, हे खरं का? (बोरिवली)

दहिसर–अंधेरीच्या २अ आणि ७ या मार्गिकांत केंद्राचं भागभांडवल नाही. त्या एमएमआरडीएने बांधल्या. २ (२अ हा तिचाच भाग) आणि ७ या मार्गिकांसाठी आशियाई विकास बँकेने २०१९मध्ये ९२.६ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. फायदा असा, की केंद्राच्या भागभांडवलाची वाट पाहावी लागली नाही. तोटा असा, की सगळा भार एकाच प्राधिकरणाच्या खांद्यावर आला. त्याची जुनी कमाई म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड भाडेपट्ट्याने देणं. आणि भूखंड एकदाच देता येतो.

तुमच्या खिशातूनही थेट पैसे जातात. मुंबईत घराची नोंदणी केली असेल तर चलन काढून बघा. मुद्रांक शुल्क ५ टक्के, वर १ टक्का अधिभार, मिळून ६. तो वरचा १ टक्का मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठी आहे. एक कोटीच्या घरावर एक लाख रुपये. केंद्राचा वाटा मोजणाऱ्यांनी हा आकडाही शेजारी मांडावा.

बेस्ट एवढ्या तोट्यात आहे. केंद्र मदत का करत नाही? (परळ)

बेस्टला केंद्राचा पैसा वस्तू घ्यायला मिळतो, ती चालवायला मिळत नाही. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधारणा योजनेतून बस घ्यायला मदत मिळाली (मुंबईसारख्या महानगरांत केंद्राचा वाटा ३५ टक्के), विजेच्या वाहनांसाठीच्या फेम २ या केंद्राच्या योजनेतून ३४० विजेच्या बसना अनुदान मिळालं. चालक-वाहकांचा पगार, वीज, डेपोचा खर्च मात्र तिकिटातून किंवा पालिकेकडून यायचा. आमच्या मते ही धोरणातली मोठी उणीव आहे. मेट्रोच्या स्थानकापर्यंत लोकांना आणणारी बसच कमी झाली, तर मेट्रोत घातलेल्या हजारो कोटींचा पुरता उपयोग होत नाही.

मुलगी न्यू जर्सीत असते. तिथे बोगद्याला संघराज्य सरकार थेट अनुदान देतं, फेडावं लागत नाही, असं ती सांगते. आपल्याकडे तसं का नाही? आणि इथले आकडे सामान्य माणसाला मिळतात का? (दादर)

मुलगी बरोबर सांगते, पण त्या अनुदानाच्या अटीही बघाव्यात. तिथल्या मोठ्या प्रकल्पांच्या योजनेत 'न्यू स्टार्ट्स' गटाला खर्चाच्या कमाल ६० टक्के अनुदान मिळू शकतं. पहिला तयारीचा टप्पा दोन वर्षांत संपवावा लागतो आणि प्रकल्पाला पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर दर्जा मिळतो. शेवटी करार होतो आणि त्यात संघराज्य सरकारची रक्कम पक्की ठरवली जाते. नंतर खर्च वाढला तर तो स्थानिक यंत्रणेचा. हडसन नदीखालच्या नव्या बोगद्यासाठी जुलै २०२४मध्ये असाच ६.८८ अब्ज डॉलरचा करार झाला. याच नदीखाली आधी हाती घेतलेला बोगद्याचा प्रकल्प २०१०मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी वाढत्या खर्चाच्या भीतीने रद्द केला. तेव्हा तोवर दिलेले २७.१ कोटी डॉलर परत मागितले गेले आणि शेवटी साडेनऊ कोटींवर तडजोड झाली. तिथे पैसा फुकट नाही, पण कोण किती देणार हे खोदाईआधी लिहून ठरतं. आपण घ्यावं ते हेच.

आता आकडे. डीपीआरमध्ये वित्तपुरवठ्याचं वेगळं प्रकरण असतं. त्यातला निधीचे स्रोत दाखवणारा तक्ता आधी काढा आणि तीन गोष्टी तपासा: 'मालमत्ता विकास' या ओळीत किती रक्कम धरली आहे (ती बहुतेकदा आशेवर असते), पहिल्या वर्षाची प्रवासीसंख्या किती धरली आहे, आणि बांधकामाच्या काळातलं व्याज खर्चात धरलं आहे का.

अहवाल संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. राज्याच्या यंत्रणांसाठी राज्याचं ऑनलाइन पोर्टल आहे, केंद्रीय मंत्रालयासाठी केंद्राचं. शुल्क दोन्हीकडे १० रुपये. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. 'मेट्रोच्या खर्चाची सर्व माहिती द्या' असं लिहाल तर उत्तर मोघम येईल. 'अमुक मार्गिकेसाठी अमुक आर्थिक वर्षात केंद्र, राज्य आणि कर्जपुरवठादार यांच्याकडून प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, प्रत्येकाची वेगळी' असं मागा. मंजूर रक्कम आणि मिळालेली रक्कम हे दोन रकाने वेगळे हवेत, असं स्पष्ट लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.