चुन्याच्या भिंतीवर 'इजिप्शियन ब्लू' लावावा की 'ब्लू व्हर्डिटर'? दोन्हींत तांबं आहे, मग धोका किती?

मडगावकडच्या जुन्या घरात चुन्याच्या गिलाव्यावर निळा पट्टा काढायचा आहे आणि या दोन पुड्यांपैकी कुठली वापरावी, असं तुम्ही विचारलंय. भिंतीसाठी इजिप्शियन ब्लूच घ्या.

वाळू, चुनखडी, तांबं आणि थोडा क्षार ८५० ते १००० अंशांवर भाजून हा रंग इजिप्तमध्ये किमान साडेचार हजार वर्षांपूर्वी बनू लागला. त्यातलं तांबं सिलिकेटच्या घट्ट जाळीत अडकलेलं असतं, म्हणून चुन्याची तीव्रता आणि ऊन तो सोसतो. व्हर्डिटर हे तांब्याचं कार्बोनेट. ओल आणि मीठ लागलं की ते हिरवं पडतं, आणि आपल्याकडे चिऱ्याच्या भिंतीत पायातून ओल चढते ती मीठ घेऊनच. असं मीठ फार साचलं तर इजिप्शियन ब्लूही हिरवट होऊ शकतो, तेव्हा भिंतीला मिठाची पांढरी पापडी धरत असेल तर आधी ओल थांबवा, रंगाचं नंतर बघा.

पुडीवर काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. काचेच्या वाटीत चिमूटभर पूड घेऊन त्यावर पांढरं व्हिनेगर टाका. व्हर्डिटर असेल तर बुडबुडे येतात आणि पाणी निळसर-हिरवं होतं. इजिप्शियन ब्लू तळाशी तसाच बसून राहतो.

दुसरी चूक खलण्याची. रंग गडद व्हावा म्हणून लोक पूड घोटत बसतात, आणि इथे नेमकं उलटं होतं: दाणा जाड तितका निळा गर्द, बारीक केला की फिकट राखाडी. तेलात कालवलात तर तो पारदर्शक होऊन विझल्यासारखा दिसतो. पातळ केलेल्या चुन्यात मिसळून सफेदीसारखा फासलात तर चुन्याचा पांढरेपणा त्याला गिळतो. डिंकात किंवा केसीनमध्ये (दुधातल्या प्रथिनाचा गोंद) कालवून लावला तर पावसाळ्यात बुरशी येते.

म्हणून ओल्या गिलाव्यावरच लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. शेवटचा थर ३ ते ५ मिलिमीटरचा घाला. बोट टेकवल्यावर गार लागतं पण चिखल चिकटत नाही, ती वेळ. पुडीत थेंबथेंब पाणी घालून लोण्याइतकी मऊ करा, दहा चमच्यांना एक चमचा गाळलेला भिजवलेला चुना घाला आणि मऊ ब्रशने तीन-चार पातळ हात द्या. उशीर झाला तर चुन्यावर साय धरते, दाणे आत रुतत नाहीत आणि सुकल्यावर हात फिरवला की निळी पूड बोटांना लागते. मग वरून काही लावून ती धरत नाही, तेवढा गिलावा खरवडून पुन्हा करावा लागतो.

धोक्याचं म्हणाल तर इजिप्शियन ब्लूमध्ये तांब्यापेक्षा धुळीची काळजी जास्त. त्यात न भाजली गेलेली वाळू उरलेली असू शकते आणि तिची बारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. एन-९५ मास्क लावा, पंखा बंद ठेवा, पूड भांड्यात ओतताच भिजवा. सांडली तर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. चुन्यासाठी हातमोजे आणि चष्मा हवाच. व्हर्डिटर मात्र पोटातल्या आम्लात विरघळतं, त्यामुळे ते मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका आणि त्याची भांडी पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

ब्रश धुतलेलं पाणी विहिरीजवळ, शेतात किंवा मानशीकडे (खाडीच्या बांधावरचा पाण्याचा दरवाजा) जाणाऱ्या पाटात ओतू नका. तांबं माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतं. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी पुढच्या वेळी ब्रश धुवायला वापरा आणि तळाचा गाळ वाळवून बंद डब्यात घातक कचऱ्यात द्या.