वाचकांचे प्रश्न : पंढरपूरला जाताना

प्रश्न : आई सत्तरीच्या पुढची आहे. तिला विठोबाच्या पायांवर डोकं टेकवायचंय, पण चार-पाच तास रांगेत उभं राहणं झेपणार नाही. कधी जावं? (एक वाचक, नांदेड)

पंढरपुरात घड्याळ देवाचं चालतं, आपलं नाही. पहाटे चारच्या सुमाराला काकडा, लगेच नित्यपूजा, अकराच्या आसपास महानैवेद्य, दुपारी साडेचारच्या सुमाराला पोशाख, दिवेलागणीला धूपारती आणि रात्री उशिरा शेजारती. प्रत्येक उपचाराच्या वेळी पदस्पर्शाची रांग थांबते. पावणेअकराला गाभाऱ्याजवळ पोचलेला माणूस हमखास अडकतो आणि मग 'मुद्दाम थांबवलं' म्हणून चिडतो.

एकादशी, शनिवार-रविवार आणि शाळेच्या सुट्ट्या टाळा. मधल्या वारी सकाळी नित्यपूजा आटोपल्यावर लगेच रांगेला लागा. तरीही रांग लांब दिसली, तर मुखदर्शन घ्या. त्याची रांग वेगळी असते, देव थोड्या अंतरावरून दिसतो, वेळ बराच कमी लागतो. वारीत लाखो वारकरी नुसत्या कळसाला हात जोडून परततात आणि त्यांची वारी पुरी होते, हे आईंना सांगा. मोबाइल आत नेता येत नाही. एकाच पिशवीत सगळ्यांचे ठेवलेत, तर बाहेर चुकामूक झाल्यावर कुणीच कुणाला फोन करू शकत नाही. भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : यात्रेत 'देवाचा पलंग काढला' असं ऐकलं. म्हणजे काय? (एक वाचक, इस्लामपूर)

आषाढी-कार्तिकीच्या आधी चांगला दिवस पाहून देवाच्या शेजघरातला पलंग बाहेर काढतात. पलंग नाही म्हणजे झोप नाही. तेव्हापासून दर्शन चोवीस तास चालू राहतं. काकडा, पोशाख, धूपारती, शेजारती हे उपचार बंद होतात. नित्यपूजा आणि नैवेद्य तेवढे चालू राहतात. उभं राहून दमलेल्या देवाला टेकायला पाठीशी कापसाचा लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या.

यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. त्या दिवशी लोड निघतो, देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्यानं स्नान घालतात आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात. दमल्याभागल्या घरच्या माणसाचं करावं, तसंच सगळं. विठोबाला 'अरे-तुरे' का करतात, हे या एका पूजेत कळतं. त्या दिवशी दर्शनाच्या वेळा बदलतात, तेव्हा 'यात्रा संपली, आता गर्दी नसेल' या हिशेबानं नेमकं तेव्हाच जाऊ नका.

प्रश्न : घरून दूध, दही, मध नेलं होतं. मूर्तीवर घालू दिलं नाही. परंपरा मोडली नाही का? (एक वाचक, बेळगाव)

मूर्ती दगडाची आहे आणि दगड झिजतो. आंबट दही, मध, साखरेचे खरखरीत कण आणि वरून रोज हजारो हातांचं घर्षण, यात पायांची सर्वाधिक झीज झाली. म्हणून पुरातत्त्व विभागाच्या जाणकारांकडून मूर्तींना वेळोवेळी वज्रलेप, म्हणजे झीज थोपवणारा लेप, करावा लागला. २०२० च्या जूनमध्येही झाला. लेप चढवल्यावरही अभिषेक आणि घासणं तसंच राहिलं, तर तोही टिकत नाही. आमच्या मते हा निर्बंध योग्यच आहे. तुळशीची माळ आणि बुक्का न्या. विठोबाला त्याहून जास्त काही लागत नाही. पायांवर डोकं टेकवताना मात्र अंगठी, बांगडी, कपाळावरचा चष्मा दगडाला घासू देऊ नका.

प्रश्न : दर्शनाचा क्रम कोणता? आम्ही थेट मंदिरात गेलो, तर घरची मोठी माणसं रागावली. (एक वाचक, मडगाव)

त्यांचं बरोबर आहे. आधी चंद्रभागा, मग पुंडलिक, मग महाद्वार, मग विठोबा आणि शेवटी रुक्मिणी. आईबापांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकानं वीट भिरकावली म्हणून देव इथं थांबला, त्यामुळे पहिला मान त्याचा. त्याचं देऊळ नदीच्या पात्रात आहे. वरून उजनीचं आणि नीरेवरच्या वीर धरणाचं पाणी सुटलं की ते पाण्यात जातं. अशा वेळी घाटावरूनच हात जोडा. पाणी कमी असतानाही सांभाळून उतरा. वाळू उपशानं पात्रात खड्डे झालेत, घोटाभर पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जातो.

महाद्वारातली पहिली पायरी नामदेवांची. संतांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनी १३५० मध्ये इथं समाधी घेतली, अशी परंपरा आहे. तिच्यावर पाय ठेवत नाहीत, डोकं टेकवतात. समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथं आणल्या. त्यांच्याच, अस्पृश्य मानलेल्या समाजाला मंदिराचं दार मोकळं व्हायला मात्र १९४७ उजाडावं लागलं, साने गुरुजींना त्यासाठी उपोषणाला बसावं लागलं. पायरीशी वाकल्यावर मान वळवून चोखोबांकडेही बघा. बरेच जण तसेच पुढं निघून जातात.

रुक्मिणीचं देऊळ वेगळं का, असंही तुम्ही विचारलंय. ती रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधत मागून आला, अशी कथा. तो आला, पण तिचा गाभारा वेगळाच राहिला.

प्रश्न : कॅलेंडरवर दोन दिवस एकादशी दिसते. वारी कोणती धरायची? (एक वाचक, इंदूर)

स्मार्त (पहिल्या दिवशीची) आणि भागवत (दुसऱ्या दिवशीची) अशा दोन असल्या, तर वारकरी भागवत एकादशी धरतात. गाडीचं आरक्षण करण्याआधी हे बघा. आणि उपवास द्वादशीला सुटतो, त्यामुळे परतीचं तिकीट एकादशीच्या रात्रीचं काढू नका. त्या रात्री स्टँडवर पाय ठेवायलाही जागा नसते.