उंदरांवरची शेंगदाणा-ॲलर्जी: पोस्टडॉकला यायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात इम्युनॉलॉजीची पीएचडी संपत आलीय, आजवर फक्त सेल कल्चर केलंय, आणि अमेरिकेतल्या एका लॅबने फूड ॲलर्जीच्या इम्युनोथेरपीवर (शरीराची प्रतिकारयंत्रणा वळवून ॲलर्जी आटोक्यात आणणं) उंदरांचं पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचं, काम देऊ केलंय. यावं का?

या. पण होकार कळवण्याआधी पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुखाला, एवढं विचाराच: तुम्ही उंदराला ॲलर्जी आणता कशी?

कारण उंदराला नुसते दाणे खाऊ घातले तर त्याला काही होत नाही, त्याचं आतडं ते निमूट चालवून घेतं. म्हणून दाण्यांसोबत कॉलरा टॉक्सिन पाजतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये 2000 च्या सुमारास बसवलेली ही पद्धत अजून चालते. काही जण कातडीवरून ॲलर्जी आणतात, ते मला जास्त पटतं, कारण एक्झिमा असलेल्या बाळांमध्ये साधारण असंच घडतं. पोटात तुरटीवर्गातल्या ॲडजुव्हंटसह (प्रतिकारयंत्रणेला चेतवणारी भर) इंजेक्शन देणं सगळ्यात सोपं, पण त्यात आतडं आणि कातडी दोन्ही बाजूलाच राहतात. सगळी लॅब त्यावरच उभी असेल तर मी दोनदा विचार करेन.

उंदरातलं यश माणसात उतरेलच असं नाही, हे आधीच पचवून या. शेंगदाण्याची बदललेली प्रथिनं मेलेल्या ई. कोलाय जिवाणूंत भरून गुदमार्गाने द्यायची लस उंदरांत छान चालली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत ॲलर्जी असलेल्या 10 जणांपैकी 5 जणांना रिॲक्शनमुळे डोस पूर्ण करता आले नाहीत. शिवाय माणसात हा खेळ मुख्यतः आयजीई या अँटिबॉडीचा, तर उंदरात आयजीजी-वन या दुसऱ्या अँटिबॉडीनेही ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर उसळणारी जीवघेणी रिॲक्शन, येतो. तुमचं औषध नक्की कुठली वाट अडवतंय, हे पेपर लिहिताना कोणीतरी विचारणारच.

मग उंदीर कशाला? 2020 च्या जानेवारीत एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, मंजूर केलेलं पाल्फोर्झिया म्हणजे मोजूनमापून दिलेली शेंगदाण्याची पूड. ती रोज घ्यावी लागते आणि थांबवली की बऱ्याच जणांचं संरक्षण ओसरतं. ते टिकाऊ कसं करायचं, आतड्यात आणि लसिकाग्रंथीत काय बदलायला हवं, हे मुलांच्या पोटात डोकावून बघता येत नाही.

चॅलेंजच्या दिवशी, म्हणजे ॲलर्जी आणलेल्या उंदराची परीक्षा घ्यायच्या दिवशी, दाण्याचा अर्क दिला की ठरावीक मिनिटांनी गुदद्वारातलं तापमान घ्यायचं. आधी उंदीर नाक-कान खाजवतो, मग डोळ्यांभोवती सूज येते, मग पोटावर पसरतो आणि टोचलं तरी हलत नाही. तापमान चार-पाच अंशांनी उतरलेलं असतं. हे सगळ्यांना झेपत नाही. आणि ओरल गॅव्हाज, म्हणजे गोल टोकाच्या सुईने थेट जठरात पाजणं, हात बसेपर्यंत भीतीदायकच: सुई श्वासनलिकेत गेली तर उंदीर हातातच जातो. पुण्यात ॲनिमल हाउसमध्ये कोणी ओळखीचं असेल तर रीतसर परवानगीने आत्ताच शिकून घ्या. इथे अमेरिकेत आयएसीयूसीच्या (संस्थेची प्राणिप्रयोग समिती) प्रोटोकॉलवर नाव चढल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावता येत नाही, त्यात सुरुवातीचे आठवडे जातात. उंदराच्या लघवीतल्या प्रथिनांची ॲलर्जी माणसांना होते. दमा असेल तर लपवू नका.

पैशांचं: एनआयएचची (अमेरिकी सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) नव्या पोस्टडॉकसाठीची 2024 ची पातळी वर्षाला 61,008 डॉलर. बॉस्टनमध्ये एकट्याचं भागतं, नवरा-मूल सोबत असेल तर ओढाताण होते. सप्टेंबर 2025 मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) अर्जांवर 1 लाख डॉलरचं शुल्क लागल्याने जे-वनच (एक्स्चेंज व्हिसा) मिळेल असं धरून चाला, आणि दोन वर्षं मायदेशी परतायची अट लागतेय का, ते कागदावर बघून घ्या.

डब्यात साबुदाण्याची खिचडी न्यायचं मात्र विसरा. एरवी कोणी रागावत नाही, पण शेंगदाण्याच्या लॅबमध्ये कुटाचा एक कण कंट्रोल ग्रुपच्या (तुलनेसाठी ठेवलेले उंदीर) पिंजऱ्यात गेला तर महिन्यांचं काम पाण्यात. दुसऱ्या वर्षाचा पगार कुठल्या ग्रँटमधून येणार हे ईमेलवर लेखी मागा, तोंडी आश्वासनावर तिकीट काढू नका.