नदीकाठचं घर विकत घ्यायचं की भाड्याने? सांगलीला परतणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताईंचं माहेर सांगलीचं, लहानपणी पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेल्या. आता वय ५५, मिस्टर ६० चे, नुकतेच रिटायर झालेत. ताईंची नोकरी घरून चालते, अजून पाच वर्षं आहे. पुण्यात सिंहगड रोडला दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, तो १ कोटी १० लाखांना जाईल, आणि पीएफ, एफडी, म्युच्युअल फंड मिळून ७० लाख. मुलीच्या लग्नाला १५ बाजूला काढायचेत. सांगलीत राहायचा महिन्याचा खर्च त्यांनी ४० हजार धरलाय. दोघांना पाण्याचं वेड, सकाळी उठल्यावर नदी दिसली पाहिजे ही एकच अट. समोर चार जागा आहेत: हरिपूर रोडला नदीकडच्या बाजूचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ४८ लाख, शामरावनगरात बंगला ५५ लाख, विश्रामबागेत फ्लॅट ६८ लाख, आणि हरिपूरला नदीला लागून प्लॉट ७५ लाख, त्यावर बांधकाम वेगळं. फ्लॅटवाला म्हणतोय पावसाळ्याच्या आत टोकन द्या.

तर ताई, पहिली गोष्ट, टोकन देऊ नका. सांगलीत नदीकडच्या जागा दाखवायचा सीझन म्हणजे फेब्रुवारी ते मे, तेव्हा कृष्णा इतकी शांत असते की घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, संध्याकाळी वारा सुटतो, समोर सांगलीवाडीची झाडं दिसतात, आणि माणूस गॅलरीत उभा राहून तिथल्या तिथे हो म्हणून टाकतो. ती जागा ऑगस्टमध्ये बघितल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. जो विकणारा ऑगस्टपर्यंत थांबायला तयार नाही त्याला का थांबायचं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, तुम्ही सांगलीच्याच आहात.

आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला परत ५४ च्या वर. म्हणजे धोक्याच्या पातळीच्या आठ-नऊ ते बारा फूट वर, सतरा वर्षांत तीनदा. आता हा कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा फुगवटा, का कोयना धरणातून सोडलेलं पाणी, का नदीपात्रातली बांधकामं, यावर आपल्याकडे रात्र रात्र वाद होतात आणि ते व्हायलाच पाहिजेत, पण घर घेणाऱ्याने कारण काहीही असलं तरी पाणी येतं हे धरून चालायचं. जागतिक बँकेच्या मदतीतून पूर नियंत्रणाची मोठी कामं व्हायची आहेत, ती झाली तर आनंदच आहे, पण ती होतील या भरवशावर आज जास्त पैसे मोजू नका.

शामरावनगर मी पहिल्यांदा काढून टाकतो. तुम्ही लिहिलंय की ते नदीपासून लांब आहे म्हणून सेफ वाटतं. नेमकं इथेच बाहेरून येणारे फसतात. पूर म्हणजे नदी काठ फोडून अंगावर येते असं डोळ्यासमोर असतं, सांगलीत तसं होत नाही, पाणी नाल्यांतून आणि गटारातून उलटं चढत येतं, आणि सखल भाग नदीपासून लांब असला तरी आधी भरतो. शामरावनगर सखल, त्यात काळी माती, पाणी मुरत नाही, निचरा होत नाही, पूर नसला तरी नुसत्या मोठ्या पावसात रस्त्यावर चिखल आणि तळी. वर बरीचशी वस्ती गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची, त्यामुळे नियमितीकरणाचा दाखला नसेल तर उद्या विकायला काढलं की गिऱ्हाइकाला बँक लोन देणार नाही. पाणीही येणार आणि नदीही दिसणार नाही, मग ५५ लाख कशाचे?

प्लॉटचं स्वप्न मोडायला मला वाईट वाटतं, कारण हरिपूरचा संगम, संगमेश्वराच्या देवळाखाली कृष्णा-वारणा मिळतात ती जागा, मलाही फार आवडते. पण त्याच हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, पिढ्यान् पिढ्या त्यात माल नीट राहिला, आणि २००५ च्या पुरात त्यात पाणी शिरलं. आजपर्यंत काही झालं नाही या वाक्याला तिथे तेवढीच किंमत आहे. शिवाय नियम बघा. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, घर बांधायला परवानगीच नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या (शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या) मध्ये असेल तर प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, लाल रेषेच्या किमान ०.४५ मीटर वर घ्यावी लागते, म्हणजे घर जवळजवळ खांबांवर उभं करायचं. ७५ चा प्लॉट, बांधकामाचे ४० तरी धरा, मुद्रांक वगैरे धरून १ कोटी २० च्या आसपास. तुमच्याकडे लग्नाचे काढून १ कोटी ६५ आहेत. उरतात ४५ लाख, आणि त्यावर दोघांचं पुढचं तीस वर्षांचं आयुष्य काढायचं? हे मी होऊ देणार नाही.

राहिल्या दोन जागा, आणि खरा विचार इथेच करायचाय. हरिपूर रोडचा फ्लॅट ४८, त्यावर मुद्रांक शुल्क सहा टक्के, नोंदणी ३० हजार, रंग-दुरुस्ती धरून ५५ ला पडतो. विश्रामबागेचा तसाच हिशोब ७५ ला जातो. म्हणजे हातात अनुक्रमे १ कोटी १० आणि ९० लाख. पाच वर्षं तुमच्या पगारात घर चालेल, तोवर पैशाला हात लावला नाही आणि सरासरी सात टक्के मिळाले तर ते साधारण १ कोटी ५४ आणि १ कोटी २६ होतील. तेव्हा महागाई सहा टक्क्यांनी धरली तर खर्च महिना साडेत्रेपन्न हजार, वर्षाचे ६ लाख ४० हजार. पहिल्या केसमध्ये गंगाजळीच्या सव्वाचार टक्क्यांच्या आत भागतं, दुसऱ्यात पाच टक्क्यांच्या थोडं वर. सव्वाचार निवांत आहे, पाच जरा ओढाताणीचं आहे पण जमण्यासारखं.

कागदावर नदीकडचा फ्लॅट जिंकतो, खरं ना? पण माझ्या मावशीचं सांगतो. ती खणभागात तळमजल्यावर. २०१९ ला आम्ही तिला मिरजेला आमच्याकडे आणलं, पाणी ओसरल्यावर घेऊन गेलो तर दार उघडेना, आतून गाळाने धरलेलं. ट्रॉल्यांचं प्लायवूड फुगून पापडासारखं सुटलेलं, आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात तिच्या एफडीच्या पावत्या, पासबुकं, घराचं खरेदीखत, सगळ्याचा एक ओला गठ्ठा. आम्ही एकेक कागद सुटा करून कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळवला, दोन दिवस लागले. विमा काही नव्हता. सरकारी मदत आली ती हजारात, नुकसान होतं लाखात. भिंतीवर ती पाण्याची रेष आहे ना, दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात ओल तिथूनच उमटते.

तुम्ही म्हणाल आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत. घरात पाणी येणार नाही हे खरं. पण मीटर बोर्ड कुठे आहे, खाली ना? पाण्याची टाकी जमिनीखाली, मोटर खाली, लिफ्टचा खड्डा खाली, गाडी खाली. पाणी आलं की वीज बंद, आठ-दहा दिवस घराबाहेर, आणि परत आल्यावर सोसायटीच्या दुरुस्तीचा वर्गणीचा आकडा. आज साठीत हे जमेल, पंचाहत्तरीत, गुडघे गेलेले असताना, बोटीत उतरायचं? आणि विकायला काढाल तेव्हा पहिला प्रश्न येणार, २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं.

म्हणून माझं मत असं की नदी भाड्याने घ्या आणि मालकी उंचावर, म्हणजे विश्रामबागेकडे, ठेवा.

तुम्हीच लिहिलंय की त्या बिल्डिंगमध्ये तसाच फ्लॅट ११ हजार भाड्याने मिळतो. वर्षाचे १ लाख ३२ हजार. तेच ५५ लाख अडकवले नाहीत तर सात टक्क्यांनी वर्षाला ३ लाख ८५ हजार मिळतात. म्हणजे नदीची गॅलरी भाड्याने घेणं मालकीपेक्षा वर्षाला अडीच लाखांनी स्वस्त आहे, आणि लिफ्ट बुडाली, प्लास्टर गेलं, बाजारभाव पडला तर तो सगळा घरमालकाचा विषय. भाव वाढला तर ती वाढ तुमची नसणार हे मान्य, पण पूरपट्ट्यातल्या दुसऱ्या मजल्याला किती भाव वाढेल यावर मी तरी तुमची पुंजी लावणार नाही. विश्रामबागेत नाहीतर वानलेसवाडीकडे फ्लॅट घ्या, जमलं तर ६८ ऐवजी ६० च्या आतला, म्हणजे ती ओढाताणही कमी होते. तो १३-१४ हजारांनी भाड्याने द्या आणि स्वतः हरिपूर रोडला अकरा महिन्यांच्या करारावर राहा. पाणी ४० फुटांकडे चाललं की चार बॅगा भरून नातेवाईकांकडे या. ज्या दिवशी जिने नकोसे होतील त्या वर्षी करार संपवून आपल्या घरात जा. तिथून घाट स्कूटरवर पंधरा-वीस मिनिटं, रोज सकाळी जाता येईल.

आता क्रम चुकवू नका, कारण टॅक्सचं घड्याळ त्यात आहे. पुण्याचा फ्लॅट आत्ताच विकू नका, भाड्याने द्या, आणि हा पावसाळा सांगलीत भाड्याने काढा. विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर नफ्यावर सूट मिळते, पण तोपर्यंत पैसे नुसते सेव्हिंगला ठेवून चालत नाही, रिटर्नच्या मुदतीआधी बँकेतल्या खास कॅपिटल गेन खात्यात टाकावे लागतात, आणि नफ्यापेक्षा कमी रकमेचं घर घेतलं तर उरलेल्या नफ्यावर टॅक्स. फ्लॅट जुलै २०२४ च्या आधीचा आहे म्हणजे इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) आणि इंडेक्सेशनशिवाय असं दोन्ही पद्धतींनी सीएकडून काढून घ्या, फरक लाखांत येतो. अजून एक, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का वाचतो, ६८ लाखांवर ६८ हजार, म्हणून बिल्डर तसं सुचवेल. पण पुण्याचा फ्लॅट दोघांचा आहे, नवीन घरात मिस्टरांचं नाव नसेल तर त्यांच्या अर्ध्या नफ्याच्या सुटीवर प्रश्न उभा राहू शकतो. ६८ हजारांसाठी ते नको, दोघांची नावं घाला.

विम्याचं पण ऐका. भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे आहे, त्यात पूर धरलेला असतो, आणि घराचा विमा काढला की घरातल्या सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप कव्हर मिळतं. भाडेकरू म्हणून राहाल तिथे फक्त सामानाचा काढता येतो, तो काढाच. गाडीच्या विम्यात इंजिनचं ॲड-ऑन घ्या, आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघायची नाही, थेट उचलून न्यायची. मिस्टर साठीचे आहेत तर ३० लाख सिनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, हे लिहितो तेव्हा ८.२ टक्के आहे, म्हणजे दर तीन महिन्यांनी ६१,५०० खात्यात येतात. त्यातून भाडंही निघतं.

आणि पोहण्याबद्दल, कारण सगळं त्याच्यासाठीच चाललंय. तुमच्या लहानपणची कृष्णा आता तशी राहिलेली नाही. शेरीनाल्यातून शहराचं सांडपाणी येतं, आणि भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंत मगरी दिसतात, उन्हाळ्यात माणसांवर हल्लेही झालेत. मी तुम्हाला पोहू नका म्हणणार नाही, पण एकट्या उतरू नका, रोज उतरणारी मंडळी जिथे उतरतात तिथेच आणि त्यांच्याबरोबरच. पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा मात्र काठावर उभं राहा, ती मजा सांगलीबाहेर मिळत नाही.

आता या आठवड्यात करायचं एवढंच, फ्लॅटवाल्याला फोन करून सांगा की विकत नको, भाड्याचा असेल तर कळवा. करारात पाणी आलं आणि घर सोडावं लागलं तर तेवढ्या दिवसांचं भाडं माफ, ही ओळ घालून घ्या. विश्रामबागेच्या फ्लॅटचा झोन दाखला, भोगवटा प्रमाणपत्र आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोज्याचा इतिहास) मागवा, आले की मला पाठवा, मी बघून सांगतो.