इंग्रजी येतं हो, अडतं ते दुसरीकडेच

प्रश्न असा होता: सोमालियातून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेल्या मुलांना शाळेत नेमका काय त्रास होतो, फक्त इंग्रजीचाच प्रॉब्लेम असतो का अजून काही? जवळून बघितलेल्या कुणीतरी सांगा.

मी सांगते. मी मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला राहते, 2016 ते 2023 अशी सात वर्षं इथल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये नव्याने आलेल्या मुलांच्या वर्गात टीचरची मदतनीस म्हणून काम केलंय आणि त्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं सोमाली असायची. आता नोकरी सोडली पण मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीत होमवर्क हेल्पला अजून जाते. म्हणजे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे पण एकाच शहरातलं आहे, ओहायोत कोलंबसला किंवा मेनमध्ये लुइस्टनलाही बरेच सोमाली लोक आहेत, तिथे थोडं वेगळं असू शकेल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, ज्यांना आपण सोमालियातून आलेली मुलं म्हणतो त्यातल्या कितीतरी जणांनी सोमालिया बघितलेलाच नसतो. 1991 च्या जानेवारीत तिथलं सियाद बारेचं सरकार पडलं, यादवी सुरू झाली, शाळा बंद पडल्या आणि लाखो लोक शेजारी केनियात पळाले. तिथे दादाबला छावण्या उभ्या राहिल्या, इफो, हागाडेरा, डागाहाले. 90 हजार माणसांसाठी केलेली ती सोय, 2011 च्या दुष्काळात तिथे 4 लाखांच्या वर माणसं होती. माझ्या वर्गातली बरीचशी पोरं तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली, एकेका वर्गात शंभर-शंभर मुलं, किंवा शाळाच नाही. मिनेसोटात का, तर 90 च्या दशकात इथल्या टर्की पक्ष्याच्या मांसाच्या कारखान्यांत इंग्रजी न येता काम मिळायचं, एक आला की त्याच्या मागून दुसरा, असं करत आज अमेरिकेत सगळ्यात जास्त सोमाली लोक याच राज्यात आहेत.

आता इंग्रजी. इंग्रजी हा प्रॉब्लेम दिसतो सगळ्यात आधी, म्हणून सगळे तोच धरून बसतात. बोलण्यापुरतं इंग्रजी पोरांना दीड-दोन वर्षांत येतं, पुस्तकातलं यायला पाच-सात वर्षं लागतात हे खरं, पण ते कुठल्याही देशातून आलेल्या मुलाचं तसंच असतं. सोमाली भाषेत प नाही, त्यामुळे पेन्सिलची बेन्सिल होते आणि इथेच जन्मलेली पोरं हसतात, त्यात सोमाली पोरंही असतात आणि ते जास्त लागतं. उलट आपला ड त्यांच्या भाषेत अगदी आपल्यासारखा आहे, अमेरिकन टीचरला तो कधी जमत नाही, मला जमायचा म्हणून पहिल्याच आठवड्यात पोरं माझ्याकडे यायला लागली होती.

खरी अडचण माझ्या मते ही की पोरांना जे येतं ते शाळेच्या मापात कुठे बसतच नाही, आणि जे येत नाही तेवढंच मोजलं जातं. हे मी उगाच म्हणत नाही, सांगते कसं ते.

एक आई मुलीचं नाव घालायला आली होती, बरोबर सात-आठ वर्षांचा धाकटा मुलगा. हातात आयओएम या आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची ती पांढरी प्लास्टिकची पिशवी, निर्वासित म्हणून विमानात बसवताना सगळी कागदपत्रं त्यात घालून देतात, लोक ती पिशवी वर्षानुवर्षं जपून ठेवतात. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या मुलीचं आणि तुमचं लास्ट नेम जुळत नाही, तुम्ही तिची आई असल्याचा पुरावा द्या. आता आपल्याकडे कसं, स्वतःचं नाव, वडलांचं नाव, मग आडनाव. सोमाली लोकांत स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव ही भानगडच नाही, आणि लग्न झालं म्हणून बाई नाव बदलत नाही. म्हणजे आईचं तिसरं नाव तिच्या आजोबांचं आणि मुलांचं तिसरं नाव त्यांच्या आजोबांचं, जुळणार कसं? दुभाष्या फोनवर मिळेना, आई नुसती पिशवीतून एकेक कागद काढून ठेवतेय. तेवढ्यात तो धाकटा काउंटरला हनुवटी टेकवून म्हणायला लागला, स्वतःचं नाव, वडलांचं, आजोबांचं, पणजोबांचं, करत करत दहा-अकरा पिढ्या. अब्तिरसी म्हणतात त्याला, लहानपणी घोकून घेतात. आपल्याकडे त्र्यंबकला भटजींच्या वहीत असतात तशी नावं, इथे त्या पोराला तोंडपाठ. आणि समोर फॉर्मवर रकाना एकच, लास्ट नेम. मी माझं मधलं नाव दाखवून त्या बाईंना समजावलं तेव्हा कुठे काम पुढे सरकलं, पण मला आजही ते पोर काउंटरला हनुवटी टेकवून उभं असलेलं दिसतं.

दुसरी गोष्ट वयाची. छावणीत जन्माची नोंद धड नसते, मग कागदावर 1 जानेवारी टाकतात. आमच्या वर्गात वाढदिवसांचा तक्ता होता, जानेवारीत नावं मावेनात आणि बाकीचे महिने जवळजवळ रिकामे, शेवटी टीचरने तो काढूनच टाकला. नुसतं गमतीचं वाटतं पण इथे वर्ग ठरतो वयावर. सोळा वर्षांचा दिसला कागदावर की नववी-दहावी, मग तो शाळेत दोन वर्षं गेलेला असो की अजिबात नसो. मिनेसोटाने 2014 मध्ये कायदा केला, त्यात अशा शिक्षणात खंड पडलेल्या मुलांची वेगळी व्याख्याच आहे, वरच्या वर्गात दाखल झालेले, बरोबरीच्या मुलांपेक्षा किमान दोन वर्षं कमी शिकलेले, स्वतःच्या भाषेतही कदाचित लिहिता-वाचता न येणारे. चांगला कायदा आहे, निदान अशी मुलं आहेत हे मान्य तरी झालं. पण डिप्लोमाला, म्हणजे हायस्कूल पास झाल्याच्या दाखल्याला, राज्याची किमान साडेएकवीस क्रेडिट लागतातच, एकेक विषय पास झाला की ती जमा होतात, आणि एकविशी उलटली की फुकटचं हायस्कूल संपतं, मग मोठ्यांच्या रात्रीच्या शाळेत जा. अठराव्या वर्षी आलेल्या मुलाने काय करायचं सांगा.

आता गणिताचं सांगते, हे मला सगळ्यात जास्त टोचलेलं. एक मुलगा होता, कागदावर सोळा, हागाडेरात मामाच्या दुकानात चार-पाच वर्षं साखर-तांदूळ विकलेला. शाळेत जेमतेम दुसरीपर्यंत. टेस्टमध्ये 35 गुणिले 24 होतं, याने नुसतं 840 लिहिलं, खाली काही नाही. सरांनी शून्य दिलं आणि लाल पेनाने लिहिलं, स्टेप्स कुठे आहेत, कुणाचं बघितलंस? तो पेपर घेऊन माझ्याकडे आला, रडत वगैरे नाही, फक्त विचारलं, टीचर, उत्तर चूक आहे का? म्हटलं नाही, बरोबर आहे, कसं काढलंस? तर म्हणाला 24 कशाला करायचे, 25 चे केले, 875, मग एक 35 काढून घेतला. दुकानात कागद-पेन कुठलं, सगळं तोंडावर. माझ्या आजोबांना पावकी-निमकी पाठ होती, तेही असाच हिशेब करायचे, त्यामुळे मला त्यात काही आश्चर्य वाटलं नाही, पण सरांना ते कॉपीच वाटत होतं. मी त्याला फळ्यापाशी उभं करून चार गणितं तोंडी सोडवायला लावली तेव्हा सरांनी मार्क दिले. पुढच्या टेस्टला परत स्टेप्ससाठी कापले. आणि शाब्दिक उदाहरणात जिथे यार्ड सेल, बेसबॉलच्या इनिंग असलं काही आलं की हाच मुलगा खरोखर अडायचा, कारण यार्ड सेल म्हणजे घरातल्या जुन्या वस्तू अंगणात मांडून विकणं, हेच माहीत नाही.

वाचनाचं याच्या बरोबर उलट. शनिवार-रविवार बहुतेक पोरं डुग्सीला जातात, म्हणजे मशिदीतली कुराणाची शाळा. तिथे पाठांतर, आणि काय पाठांतर, पानंच्या पानं, अरबी कळत नसताना. आपण लहानपणी रामरक्षा म्हणायचो तसंच, अर्थ नंतर कधीतरी. त्यामुळे वाचणं म्हणजे न अडखळता मोठ्याने म्हणणं असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एक मुलगी इंग्रजीचं पान घडाघडा वाचून दाखवायची, टीचर खूश, वरच्या गटात टाकली, आणि महिन्याभराने कळलं की तिला त्यातलं अक्षरशः काही समजत नव्हतं. मग एकदम सगळ्यात खालच्या गटात. ही एवढी मोठी स्मरणशक्ती घेऊन आलेली मुलगी, त्या स्मरणशक्तीचा उपयोग कुणाला करून घेता आला नाही, आम्हालाही नाही, मी स्वतःलाही त्यात धरतेय.

पालकांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकाल, सोमाली आईबाप शाळेत येत नाहीत, त्यांना पर्वा नाही. हे साफ चूक आहे. त्यांच्याकडे एकदा पोर मास्तरांच्या स्वाधीन केलं की शिकवण्यात आपण लुडबुड करायची नाही, तो मास्तरांचा अपमान. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत तरी दुसरं काय होतं? त्यात शाळेचा फोन म्हणजे पोराने काहीतरी गुन्हा केलाय असंच वाटतं. अकोन लआन वा इफ्तीन लआन, म्हणजे ज्ञान नाही तर उजेड नाही, ही म्हण मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलीय, रात्रपाळीला कारखान्यात उभं राहून आलेल्या आया, आणि विमानाच्या तिकिटाचं कर्जसुद्धा हप्त्याने फेडत असतात, ते फुकट नसतं बरं का.

शाळा काय करते, तर सोमाली भाषेत नोटीस छापून पाठवते. आता गंमत म्हणजे सोमाली भाषेला सरकारी लिपी मिळाली 1972 मध्ये, रोमन अक्षरांची. मग 1974-75 ला शहरातली शाळकरी मुलं खेड्यापाड्यांत पाठवून लोकांना लिहा-वाचायला शिकवलं. म्हणजे जी आज आजी आहे तिला बऱ्याचदा वाचता येतं. आणि आई वाढली 1991 नंतर, युद्धात आणि छावणीत, तिला कित्येकदा येत नाही. अशी दोन-तीन घरं मी स्वतः बघितलीत, आजी नोटीस वाचते आणि आई ऐकते. जिथे आजी नाही तिथे ती नोटीस तशीच दप्तरात. आमच्या सोमाली सहकाऱ्याने एक साधी गोष्ट केली, नोटीस बंद, व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज. पुढच्या मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या.

मीटिंगमध्ये मुलांनाच दुभाषी करायचं नसतं हा नियम आहे, पण वेळेला माणूस नसतो. पंधरा वर्षांची एक मुलगी, टीचर तिच्याबद्दलच तक्रार सांगतायत, होमवर्क देत नाही, वर्गात झोपते, आणि ती आईला एकेक वाक्य भाषांतर करून सांगतेय, एकही शब्द न गाळता, मला शब्द कळत नव्हते पण आईचा चेहरा बघून कळत होतं. झोपायची कारण आई रात्रपाळीला आणि चार धाकटी भावंडं हिच्यावर. ते मात्र तिने टीचरला सांगितलं नाही, मी नंतर विचारलं तेव्हा बोलली.

बाकी जेवणात डुक्कर आहे का, जिममध्ये हिजाब, रमजानात कँटीनऐवजी लायब्ररीत बसायची सोय, हे प्रश्न आहेत पण सांगितलं की सुटतात, आमच्या शाळेत तरी सुटले. न सुटणारं म्हणजे बाहेरचं वारं. 27 जानेवारी 2017 ला शुक्रवारी ट्रम्पनी सात देशांच्या लोकांना अमेरिकेत यायला बंदीचा हुकूम काढला, त्यात सोमालिया. सोमवारी वर्गात एक मुलगी, तिचे वडील नैरोबीत व्हिसाच्या रांगेत, सगळ्या तपासण्या झालेल्या, आणि पलीकडच्या वर्गातला एक मुलगा तिला कॉरिडॉरमध्ये सांगतोय की आता तुलाही परत पाठवणार. ती दिवसभर जॅकेट घालून दप्तर पाठीला लावून बसली. मी म्हटलं काढ ना, तर मानेनेच नाही. काळी, मुसलमान आणि बाहेरून आलेली, तिन्ही एकाच वेळी, यात कुठल्या कारणासाठी आपल्याला बोललं जातंय हेही पोरांना कळत नाही.

मुलं बिघडली तर काही आईबाप त्यांना सोमालियात किंवा नैरोबीला धाडतात, डकन एलिस म्हणतात, संस्कृतीकडे परत. मला ते पटत नाही, दोन वर्षांनी मुलगा परत येतो तेव्हा क्रेडिटमध्ये अजून मागे पडलेला असतो, पण रस्त्यावरच्या टोळ्यांची भीती त्या आईला मी कुठल्या तोंडाने खोटी म्हणू?

लोक मला इल्हान ओमरचं आणि हलिमा एडनचं नाव सांगतात, एक केनियातल्या छावणीतून येऊन काँग्रेसमध्ये म्हणजे अमेरिकेच्या संसदेत गेली, दुसरी केनियातल्याच काकुमाच्या छावणीत जन्मून मॉडेल झाली. आहेच अभिमानाची गोष्ट, माझ्या वर्गातल्या मुलींनी त्यांचे फोटो वहीला लावलेले. पण तुमचा प्रश्न शाळेचा आहे म्हणून त्या दुकानवाल्या मुलाचंच सांगते. क्रेडिट पुरी व्हायच्या आधी त्याचं वय संपलं, आता तो दिवसा गोदामात काम करतो आणि रात्रीच्या शाळेत जातो. मंगळवारी कधीतरी लायब्ररीत येतो, आता स्टेप्स लिहितो, आधी उत्तर लिहून मग वरच्या रिकाम्या जागेत.

तुमच्यापैकी कुणी मिनियापोलिस-सेंट पॉलला असेल आणि गणित बरं असेल तर लायब्ररीच्या होमवर्क हेल्पला या, सोमाली यायला लागत नाही. पहिल्या दिवशी पोराला त्याची तिन्ही नावं विचारा आणि नीट म्हणा. आणि पेन्सिली आपल्या आपण आणा, तिथल्या कायम संपलेल्या असतात.